मृतांचा स्मरणदिन: २ नोव्हेंबरचा अर्थ, उगम आणि गावच्या कब्रस्तानाची तयारी

सोयाबीनच्या गंज्या वावरात उभ्या असतात, पऱ्हाटीची पहिली वेचणी तोंडावर असते, मजूर शोधून सापडत नाही, आणि नेमका तेव्हाच २ नोव्हेंबर, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांचा स्मरणदिन येतो. मग आदल्या दिवशी चार पोरं विळे घेऊन कब्रस्तानात जातात, आपापल्या घरच्या कबरींभोवतीचं गवत कापतात, वरून चुन्याचा एक हात मारतात आणि संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. आठ दिवसांत चुन्याचे पोपडे पडतात. ज्या कबरींना गावात कोणी उरलं नाही, त्या गवताखालीच राहतात.

चुना का टिकला नाही, हे पुढे येईलच. त्या राहून गेलेल्या कबरींचा प्रश्न मात्र आधी घ्यायला हवा, कारण तो सणाच्या अर्थाशीच जोडलेला आहे. हा दिवस मुळात ‘आपल्या माणसांचा’ नाही. तो सगळ्या मृत विश्वासणाऱ्यांचा आहे, आणि ज्यांची आठवण काढणारं कोणी उरलं नाही त्यांचा तर आधी.

१ आणि २ नोव्हेंबर ही जोडी कशी जमली

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. पहिला सण देवाजवळ पोचलेल्यांचा, म्हणून आनंदाचा. दुसऱ्या दिवशी वाटेवर असलेल्यांसाठी, म्हणजे देवाजवळ पोचण्याआधी शुद्धिस्थानात शुद्ध होत असलेल्या मृतांसाठी, प्रार्थना करायची.

संतांचा सण आधी नोव्हेंबरात नव्हताच. रोममधलं पँथिऑन हे जुनं देवालय पोप बोनिफेस चौथे यांनी १३ मे रोजी मरिया आणि सर्व रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेले) यांच्या नावे अर्पण केलं. साल ६०९ किंवा ६१०. पुढे पोप ग्रेगरी तिसरे (७३१–७४१) यांनी संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थळ उभारलं. साधारण ८०० पर्यंत उत्तरेकडच्या काही धर्मप्रांतांत (बिशपच्या अखत्यारीतल्या भागांत) १ नोव्हेंबर ही तारीख रुळली होती. ८३५ मध्ये पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात सम्राट लुई यांनी ती आपल्या राज्यभर लागू केली.

मृतांचा दिवस आणखी पुढचा. मृतांसाठी प्रार्थना पहिल्या शतकांपासून होती, पण सगळ्यांसाठी मिळून एक दिवस असा नव्हता. सातव्या शतकात स्पेनमधल्या मठांत पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी असं स्मरण होत असे. आज आपण पाळतो ती तारीख फ्रान्समधल्या क्लूनी मठाची. तिथले मठाधिपती ओदिलो (कारकीर्द ९९४–१०४९) यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या अखत्यारीतल्या सगळ्या मठांना हुकूम दिला. काही अभ्यासक तो १०३० च्या आसपासचा धरतात. हुकूम अगदी कामाचा होता: १ नोव्हेंबरच्या सायंप्रार्थनेनंतर मृतांसाठी घंटा वाजवायच्या, दुसऱ्या दिवशी जगाच्या आरंभापासून मेलेल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) अर्पण करायची आणि गरिबांना दान द्यायचं. क्लूनीच्या शाखा युरोपभर होत्या, त्यांच्याबरोबर ही प्रथा पसरली. रोममध्ये ती रुजायला आणखी काही शतकं गेली.

यातला दानाचा भाग आपल्याकडे गळून पडला आहे. घरटी शंभर रुपयांचे हार आणण्यापेक्षा त्यातले निम्मे गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीच्या किराण्याला लावले, तर ते मूळ प्रथेच्या जास्त जवळचं होईल.

फादर त्या दिवशी तीन मिस्सा करतात त्याचंही कारण आहे. ही सवलत १७४८ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या मुलखापुरती मिळाली होती. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात माणसं ढिगाने मरत असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ती जगभरच्या धर्मगुरूंना दिली. त्यातली एक मिस्सा सर्व मृतांसाठी आणि एक पोपच्या हेतूंसाठी असते. ठरावीक माणसाच्या नावाने उरते ती एकच. म्हणून ‘आमच्या बाबांच्या नावाने मिस्सा सांगायची’ असेल तर नोव्हेंबरातली दुसरी तारीख घ्यावी. २ तारखेलाच हवी म्हणून हट्ट धरू नये.

कोण काय मानतं

एकाच गावात दोन-तीन मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे गट, असतात आणि कब्रस्तान बहुधा एकच असतं. त्यामुळे हे आधी समजून घेतलेलं बरं, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशीच वाद होतो.

नागपूर आणि अमरावती धर्मप्रांतांतले कॅथोलिक मृतांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करतात. शास्त्राचा आधार म्हणून मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय देतात, ज्यात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पण पाठवतो. १ ते ८ नोव्हेंबर या काळात कब्रस्तानाला भेट देऊन, निदान मनात, मृतांसाठी प्रार्थना केली तर मृतांच्या नावे पूर्ण दंडमाफी (पापाबद्दल भोगायच्या शिक्षेची माफी) मिळते. अटी नेहमीच्या: पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं. चांदा धर्मप्रांतातली सिरो-मलबार (मूळ केरळच्या, पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथोलिक) मंडळी त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे मोठ्या उपवासाआधीच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधीच्या) शुक्रवारीही मृतांचं स्मरण करतात.

प्रोटेस्टंटांच्या पवित्र शास्त्रात मक्काबींचं पुस्तक नाही आणि शुद्धिस्थानाची शिकवण त्यांना मान्य नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपले मुद्दे मांडले तेही ३१ ऑक्टोबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, आणि वाद दंडमाफीचाच होता. तरी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वळणाच्या मंडळ्यांत हा स्मरणदिन टिकला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अनेक ठिकाणी २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात. प्रार्थना मात्र मृतांबद्दल आभाराची आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वनाची असते. काही मंडळ्या हा दिवस पाळतच नाहीत.

तोडगा सोपा आहे. गवत, मुरूम, चुना ही कामं सगळ्यांनी मिळून करावीत. प्रार्थनेच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात: एकांची सकाळी, दुसऱ्यांची संध्याकाळी. एकत्र करायचीच असेल तर स्तोत्र ९०, योहान ११ मधला लाजाराचा प्रसंग, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३–१८ आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ एवढ्यावर कुणाची हरकत नसते.

गावातले शेजारी विचारतात, ‘हे तुमचं पितृपक्षासारखंच का?’ आठवण काढणं सारखंच. फरक असा की इथे मृताला घास किंवा पाणी पोचवायचं नसतं. मागणं थेट देवाकडे असतं. घरात आखजीची (अक्षय्य तृतीयेला पितरांना जेवण ठेवायची) सवय असलेल्या काही कुटुंबांत कबरीवर जेवणाचं ताट ठेवतात. त्यावरून म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत टोकू नये. तेच ताट नंतर कब्रस्तान साफ करणाऱ्यांना वाढा म्हणावं. रात्रभर तिथे राहिलं तर कुत्री येतात, आणि ती ताज्या कबरी उकरतात.

तीन आठवडे आधी: फेरी आणि वही

१० ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस परतला की दोघांनी वही घेऊन कब्रस्तानाची फेरी मारावी. प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा आणि चार गोष्टी लिहाव्यात: नाव, कोणत्या घरची, काय बिघडलं, कोण करणार. ज्या कबरीपुढे ‘कोण करणार’ हा रकाना रिकामा राहील, ती मंडळीच्या नावावर टाकावी. कामाला सुरुवात त्याच कबरींपासून करायची. शेवटी ठेवल्या तर चुना आणि माणसं दोन्ही संपलेली असतात.

पांदण रस्त्याचंही याच वेळी बघावं. काळ्या जमिनीतली पांदण ऑक्टोबरच्या शेवटीही चिखलाची असू शकते, आणि पाण्याचा टँकर किंवा मुरमाची ट्रॉली तिथे रुतते. ग्रामपंचायतीला टँकरसाठी आणि शेजारच्या कास्तकाराला धुऱ्यावरून जाण्यासाठी आताच विचारून ठेवावं. धुऱ्यावर त्याची तूर असते.

गवत: दोन आठवडे आधी, रविवारी

रविवार यासाठी की आठवड्यात सगळे सोंगणी-वेचणीत असतात. सकाळी दव असतानाच सुरू केलं तर माती मऊ असते आणि मुळं उपटून येतात.

आत शिरण्याआधी लांब काठीने गवत झोडपत जावं. कबरीच्या कडेची बिळं, सरकलेले दगड आणि जुने हार कुजलेली जागा इथे घोणस, नाग, विंचू असतात. गमबूट घालावेत, दगड हाताने नव्हे, सब्बलीने उलटावा. साप चावला तर जखम कापू नये, घट्ट आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करावा आणि सर्पविषाची लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्यावं.

गाजर गवताला उघड्या हाताने धरू नये. अंगावर खाज आणि चट्टे उठतात, दमा असलेल्यांना त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला दुपट्टा हवा. ते मुळासकट उपटावं, कापलं तर खालून फुटतं. फुलोऱ्यावर आलेलं गवत झटकत नेऊ नये. पोत्यात भरून खड्ड्यात टाकावं. तरोटा आणि आघाडा सहज उपटतात. कुंदा आणि हराळी वरून कापून भागत नाही, टिकासाने खणून काश्या (जमिनीतली मुळं) काढाव्या लागतात. सगळं एका दिवसात होणार नाही. निदान कबरींभोवती दीड फूट आणि मधल्या वाटा मोकळ्या कराव्यात.

काढलेलं गवत पेटवू नये. शेजारच्या वावरात सोयाबीनची गंजी उभी असते आणि एक ठिणगी कुणाच्या वर्षाच्या कमाईला पुरेशी होते. मोहोळ असलेल्या झाडाखाली तर धूर अजिबात नको. आग्या मोहोळ दिसलं तर नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची जागाच त्या झाडापासून लांब ठरवावी, कारण धूप आणि मेणबत्त्यांच्या धुरानेही माशा उठतात.

कबर खचते का, आणि काय करावं

विदर्भातल्या बऱ्याच कब्रस्तानांची जमीन काळी, भारी. ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी आटलं की आकसते. भेगा ऑक्टोबरच्या शेवटी दिसू लागतात आणि मे महिन्यापर्यंत वाढत जातात. क्रूस कलतो, सिमेंटचा ओटा मधोमध तडकतो, एक कोपरा खाली जातो. दोष गवंड्याचा नसतो, खालच्या मातीचा असतो.

म्हणून जमिनीच्या भेगेत आता सिमेंट ओतू नये. भेग अजून रुंद होणार असते. घट्ट झालेलं सिमेंट एका बाजूला चिकटून राहतं आणि पावसाळ्यात माती फुगली की ओट्याला ढकलतं. भेगेत आणि खचलेल्या जागी मुरूम आणि चुना भरावा: १० घमेली चाळलेला मुरूम, १ घमेलं विझवलेल्या चुन्याची भुकटी. कोरडंच नीट कालवावं, मग मूठ वळेल इतकंच पाणी घालावं, चार-चार इंचांच्या थरांनी भरून धुम्मसाने ठोकावं. चुन्यामुळे काळ्या मातीचं फुगणं कमी होतं. कडेने उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. कबरीजवळ पाणी साचलं तर बाकीचं सगळं वाया जातं.

या वर्षीच्या नव्या कबरीवर पक्का ओटा बांधायची घाई बहुतेक घरांत होते. निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. भरलेली माती बसायला तेवढा वेळ लागतो. तोवर मुरमाचा उंचवटा, कडेने दगड आणि एक लाकडी क्रूस पुरतो.

ओट्याच्या गिलाव्याला केसासारखा तडा असेल तर तो खरवडून १ भाग सिमेंट, ४ भाग वाळूने भरता येतो. त्याला ७ दिवस पाणी मारावं लागतं, म्हणून हे काम २० ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवं. जुन्या चुन्यावर सिमेंट धरत नाही. खालचा थर दिसेपर्यंत खरवडावं.

लोखंडी क्रूस आणि नावं

गंज तारेच्या ब्रशने काढावा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा, फडक्याने पुसावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडा ठेवला तर दवाने पुन्हा गंजतो. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंट. रंगकाम सकाळी १० नंतर सुरू करून ४ च्या आत थांबवावं. ओल्या रंगावर दव पडलं की चकाकी जाते. क्रूस जमिनीत शिरतो तिथे सगळ्यात जास्त सडतो, म्हणून तिथली माती चार इंच उकरून खालपर्यंत रंग द्यावा.

ताज्या चुन्यावर ऑइलपेंटने नाव लिहू नये. चुन्याच्या खारामुळे तो रंग वर्षभरात सुटतो. नाव वेगळ्या पत्र्यावर किंवा कडप्प्याच्या तुकड्यावर लिहून बसवावं. नाव, जन्म आणि मृत्यूचं साल एवढं पुरे.

चुना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. साधारण साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि एक फूट उंच ओट्याचा पृष्ठभाग सुमारे ३४ चौरस फूट भरतो. दोन हातांना सुमारे २ लिटर पातळ चुना धरावा. २५ कबरींना ५० लिटर, म्हणजे १० किलो कळीचा (न विझवलेला) चुना. त्यात २०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून आणि जास्तीत जास्त ३० ग्रॅम नीळ. नीळ जास्त झाली तर कबरी निळसर दिसतात.

चुना २७-२८ ऑक्टोबरला विझवावा. लोखंडी ड्रम घ्यावा. प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळते. आधी ड्रममध्ये सुमारे २५ लिटर पाणी आणि त्यात थोडी थोडी कळी टाकावी. उलट केलं, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलं, तर तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवा आणि लहान मुलं लांब. डोळ्यात गेलाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५-२० मिनिटं धुवावं आणि लगेच दवाखाना गाठावा. विझवलेला चुना २४ तास झाकून ठेवावा, मग पाणी वाढवून ५० लिटर करावा, जाड कापडाने गाळावा, शेवटी डिंक आणि नीळ.

आता कबर. जुने पोपडे आणि शेवाळ खराट्याने, मग तारेच्या ब्रशने काढावं. पृष्ठभागावर पाणी शिंपडावं, आणि तो ओलसर असतानाच पहिला हात उभा द्यावा. तो वाळला की दुसरा आडवा. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना पांढरा होत जातो. नवखा माणूस इथेच फसतो: ‘रंगच येत नाही’ म्हणून घट्ट चुना थापतो, आणि तोच आठवड्याभरात पापडासारखा सुटतो. दुपारच्या तापलेल्या, कोरड्या ओट्यावर दिलेला चुना पाणी लगेच शोषलं गेल्याने धरत नाही आणि हाताला पांढरी भुकटी लागते. सकाळी ९ च्या आत किंवा उन्हं उतरल्यावर काम करावं. २९-३० ला चुना झाला तर मधले दोन दिवस त्याला मिळतात. अवकाळी पाऊस आला तर ताजा चुना धुऊन जातो. दहाएक लिटर गाळलेला चुना झाकून शिल्लक ठेवावा.

नावांची यादी

यादी २५ ऑक्टोबरपर्यंत घ्यावी. बाप्तिस्म्याचं नाव आणि गावात हाक मारायचं नाव वेगळं असतं, म्हणून दोन्ही लिहून घ्यावीत. नातवाला ‘दाऊद’ माहीतच नसतो, त्याचा आजा ‘दादाराव’ असतो. एका नावाला पाच सेकंद धरले तर ६० नावांना ५ मिनिटं लागतात, ३०० नावांना २५ मिनिटं. यादी मोठी असेल तर दोन वाचणारे ठेवावेत आणि दर २० नावांनी एक कडवं गावं. ठळक अक्षरात, एका ओळीत एकच नाव. संध्याकाळी अंधार पडतो लवकर. शेवटी ‘आणि ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत ते सर्व’ ही ओळ हवीच.

२ तारीख

तारीख रविवारी आली तरी कॅथोलिक पंचांगात हा दिवस पुढे सरकत नाही. २०२५ साली तसंच झालं आणि २०३१ मध्ये पुन्हा होईल. फादरांची वस्त्रं जांभळी असतात, काळीही चालतात. या मिस्सेला वेदी फुलांनी सजवत नाहीत. देवळासाठी आणलेला झेंडू म्हणून सरळ कबरींवरच न्यावा. दिवाळी जवळ असेल तर फुलांचा भाव चढतो. परसातला झेंडू आणि शेवंती पुरतात. थर्माकोल आणि चमकीचे हार नकोत, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुजत नाहीत.

मिस्सेनंतर क्रूस पुढे धरून कब्रस्तानाकडे चालत जावं, तिथे वाचन, नावं, मग पवित्र पाणी शिंपडणं आणि धूप. पाणी शिंपडताना फादरांना घरचे लोक आपापल्या कबरीकडे ओढतात आणि मागची रांग राहून जाते. वहीच्या क्रमांकाप्रमाणे एक वाट आधीच आखून एका माणसाने पुढे चालावं.

मेणबत्ती बुटकी आणि जाड घ्यावी, कबरीला एक. वाळू भरलेल्या डब्यात किंवा खोलगट पणतीत उभी केली तर वाऱ्याने पडत नाही आणि चुन्यावर मेणाचे डाग पडत नाहीत. कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लावू नये. मुलींच्या ओढण्या आणि साड्यांचे पदर सांभाळावे. दोन बादल्या पाणी आणि एक ओलं पोतं जवळ ठेवावं, आणि शेवटची मेणबत्ती विझेपर्यंत दोघांनी तिथेच थांबावं.

३ तारखेला सकाळी मेण, डबे आणि हार उचलावेत. उरलेल्या मेणबत्त्या देवळात ठेवाव्यात. वेचणीवर गेलेली किंवा नागपूर-पुण्याहून उशिरा येणारी माणसं ८ तारखेपर्यंत येत राहतात. वहीत त्या वर्षीच्या नव्या कबरी, लागलेला चुना आणि कोणता ओटा कोणत्या बाजूला कलतो आहे ते लिहून ठेवावं. मुरमाची खरी डागडुजी मे महिन्यात, भेगा पूर्ण उघडल्यावर करायची असते.